दिवा लागला नाही म्हणजे शॉकअप ठीक?

प्रश्न: पुण्यात 2021 सालची बीएमडब्ल्यू आर 1250 जीएस विकायला आहे, 38 हजार किलोमीटर चाललेली. मालक सांगतात की सस्पेंशन इलेक्ट्रॉनिक आहे, त्याला खड्डा आधीच कळतो. स्क्रीनवर एकही वॉर्निंग नाही, तेव्हा सस्पेंशनचं बघण्यासारखं काही नाही, असंही त्यांचं म्हणणं. मी आणि बायको सामानसुमान घेऊन कोकण, गोवा आणि जमलं तर लडाख करणार आहोत. खड्डा खरंच आधी कळतो का? आणि अशी गाडी घेताना काय बघावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर: आधी कळत नाही. चाक खड्ड्यात गेल्यावरच कळतो, पण फार चटकन कळतो. पुढचा रस्ता कॅमेऱ्यानं वाचणारं सस्पेंशन मर्सिडीजनं 2013 मध्ये एस-क्लास मोटारीत आणलं होतं. तुम्ही बघताय त्या गाडीत तसलं काही नाही. तिच्यात पुढं-मागं सेन्सर आहेत. चाक किती आणि किती वेगानं वर-खाली झालं, हे ते कॉम्प्युटरला सांगतात. मग शॉकअपमधल्या तेलाची वाट किती मोकळी ठेवायची, हे कॉम्प्युटर विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हकडून करवून घेतो. सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं.

हिशेब करून बघा. ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण 16.7 मीटर जाते आणि जीएसच्या दोन चाकांमधलं अंतर आहे दीड मीटर. म्हणजे पुढचं चाक खड्ड्यात गेल्यावर मागचं तिथं पोचायला सेकंदाचा अकरावा भाग लागतो. व्हॉल्व्हला एवढा वेळ भरपूर झाला. डुकाटीनं 2025 च्या मल्टिस्ट्राडा व्ही4 एसमध्ये नेमकी हीच सवड वापरली आहे. पुढच्या फोर्कला धक्का बसला की मागचा शॉकअप त्यासाठी तयार होतो.

आता मालकांच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ, कारण पैसे तिथं जातात. स्क्रीनवर वॉर्निंग नाही याचा अर्थ एवढाच की वायर तुटलेली नाही, स्प्रिंगचा ताण बदलणारी मोटर अडकलेली नाही आणि सेन्सर बोलतोय. पण स्प्रिंग पोलादाचीच आहे, सील रबराचंच आहे आणि आत तेलच आहे. खराब रस्त्यावर शॉकअप तापतो, तेलात धातूची बारीक भुकटी मिसळते, तेल पातळ होतं, नायट्रोजनचा दाब उतरतो. यातलं काहीही मोजणारा सेन्सर तिथं नाही. व्हॉल्व्ह सांगितल्याबरहुकूम उघडतो-मिटतो, फक्त पातळ तेल पूर्वीइतका अडसर घालत नाही. झीज हळूहळू होत असल्यामुळे रोज चालवणाऱ्यालाही ती जाणवत नाही. मालक खोटं बोलत असतील असं नाही. त्यांना गाडीची सवय झालेली असते.

बीएमडब्ल्यूच्याच आर 1200 आरटीचा प्रकार या बाबतीत बोलका आहे. जून 2014 मध्ये कंपनीनं डायनॅमिक ईएसए, म्हणजे कंपनीचं इलेक्ट्रॉनिक सस्पेंशन, असलेल्या नव्या आरटीच्या मालकांना गाडी चालवूच नका असं कळवलं होतं. सस्पेंशन इलेक्ट्रॉनिक होतं, पण धोका होता तो मागच्या शॉकअपमधला पिस्टनचा दांडा मोडण्याचा. म्हणून अशी गाडी बघायला जाताना नियम एकच ठेवा: शॉकअप साधा आहे असं समजून आधी तपासा, इलेक्ट्रॉनिक्स नंतर स्वतंत्र तपासा.

शॉकअप. टॉर्च घेऊन मागच्या चाकाशी बसा. पिस्टनच्या दांड्यावर तेलाचा ओलावा आहे का आणि त्यात धूळ बसून काळा चिखल झालाय का, ते बघा. गाडी नुकतीच चकाचक धुऊन ठेवली असेल तर हे दिसणार नाही, म्हणून चक्कर मारून आल्यावर पुन्हा बघा. पुढच्या बाजूला जीएसची गंमत वेगळी आहे. तिच्या टेलिलिव्हर रचनेत धक्के सोसण्याचं काम फोर्कच्या नळ्या करत नाहीत. त्यांच्या मागं आडोशाला एक वेगळा शॉकअप असतो. ब्रेक दाबल्यावर ही गाडी नाकही फारसं खाली घालत नाही. तेव्हा पुढचा ब्रेक दाबून हँडल दोन-तीनदा खाली रेटायची आपली नेहमीची परीक्षा इथं काही सांगत नाही. पुढच्या शॉकअपचा दांडाही टॉर्चनंच बघायचा.

मोटर. इंजिन चालू ठेवा, गाडी स्टँडवरून उतरवा आणि कुणाला तरी सरळ धरायला सांगा. बहुतेक 1250 वर वजनासाठी मिन, ऑटो आणि मॅक्स असे पर्याय दिसतात. मिनवर ठेवून जमिनीपासून नंबर प्लेटच्या कडेपर्यंत टेपनं माप घ्या. मग मॅक्स निवडा. आतून मोटरची बारीक घरघर ऐकू येते आणि गाडीचा मागचा भाग सावकाश उचलला जातो. टेपवर फरक दिसलाच पाहिजे. स्क्रीनवर मॅक्स आलं आणि प्लेट जागची हलली नाही, तर कुठं तरी पाणी मुरतंय. महागडा शॉकअप गेल्यावर साधा बसवायचा आणि कॉम्प्युटरला फसवणारा एक छोटा प्लग जोडून वॉर्निंग गप्प करायची, ही युक्ती जगभर चालते. तसला प्लग विकतही मिळतो.

रस्ता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि तसला गुळगुळीत रस्ता या कामाचाही नाही. कात्रजच्या जुन्या घाटासारखी वळणं आणि खराब पट्टा शोधा. दोघं बसून जा, कारण तुम्हाला गाडी दोघांसाठीच हवी आहे. एकच स्पीडब्रेकर त्याच वेगानं आधी सस्पेंशनच्या ‘रोड’ मोडवर आणि मग ‘डायनॅमिक’ मोडवर ओलांडा. दोन्हींतला फरक कमरेला कळायला हवा. शॉकअप थंड असताना तेल दाट असतं आणि दोष झाकतं, म्हणून अर्धा तास खराब रस्त्यावर चालवून तोच स्पीडब्रेकर पुन्हा घ्या. मागची बाजू एकदा दबून वर येऊन थांबली तर ठीक. झोपाळ्यासारखी दोन-तीन हेलकावे घेत राहिली, तर तेलाचं आयुष्य सरत आलंय.

कॉम्प्युटर. सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा बीएमडब्ल्यूचं काम करणाऱ्या बाहेरच्या मेकॅनिककडे साठलेले फॉल्ट कोड वाचून घ्या. अशा बऱ्याच मेकॅनिकांकडे जीएस-911 नावाचं उपकरण असतं. चॅसिस नंबर देऊन एखादा रिकॉल बाकी आहे का, हेही तिथंच विचारा. सेन्सरच्या बारीक दांड्या वाकलेल्या नाहीत ना, कनेक्टर हिरवे पडले नाहीत ना, हे मेकॅनिकला बघायला सांगा. प्रेशरनं गाडी धुण्याचा मार आधी यांनाच बसतो.

भाव करायला बसण्यापूर्वी आणखी एक काम करा. त्याच चॅसिस नंबरवर मागच्या शॉकअपची किंमत पार्ट्स काउंटरवर विचारून ठेवा. आकडा लाखात येईल, धक्का बसू देऊ नका. 38 हजार किलोमीटर म्हणजे तेल-सील बदलायची वेळ आलीच असं धरून चाला. कंपनीचं सर्व्हिस सेंटर सहसा अख्खा शॉकअप बदलायला सांगतं. सस्पेंशनचं काम करणारे जाणकार काही मॉडेलांचे शॉकअप उघडून नवं तेल-सील घालून देतात. तुमच्या गाडीचं असं काम कोण करतं आणि काय घेतं, हे विचारून तेवढी रक्कम भावातून कमी मागा. शॉकअप ओला असेल, तर नव्याची किंमत वजा करूनच बोला.

प्रश्न: आर 1200 जीएस बरीच स्वस्त मिळते. तिचं इलेक्ट्रॉनिक सस्पेंशन आणि हे एकच का? दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत काय असतं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: साल बघा. बीएमडब्ल्यूनं 2004 मध्ये के 1200 एसवर ईएसए आणलं. त्यात बटण दाबलं की मोटर सस्पेंशन कडक किंवा मऊ करते आणि पुढचं बटण दाबेपर्यंत ते तसंच राहतं. चालता चालता स्वतःहून बदलणारं डायनॅमिक ईएसए जीएसवर 2013 च्या वॉटर-कूल्ड मॉडेलपासून आलं. जुनी पद्धत वाईट नाही, उलट त्यात बिघडायला कमी आहे. फक्त जुन्या गाडीला नवीचा भाव देऊ नका.

दुसऱ्या कंपन्यांत व्हेरियंट नीट बघा. मल्टिस्ट्राडा व्ही4 ला साधं सस्पेंशन, व्ही4 एसला इलेक्ट्रॉनिक. हार्लेच्या पॅन अमेरिकातही साध्या व्हेरियंटला ते नाही, ‘स्पेशल’ला आहे. या दोन्ही गाड्यांना पुढं नेहमीचे फोर्क आहेत, तेव्हा तिथं पांढऱ्या रुमालानं नळ्या पुसा, हँडल चार-पाचदा दाबा आणि तेलाचं कडं उमटतंय का बघा.

प्रश्न: बंगळुरूची गाडी दीड लाखानं स्वस्त आहे. घ्यावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: दीड लाख खरंच वाचतात का, ते आधी मोजा. तिथल्या आरटीओची एनओसी लागेल आणि कर्ज असेल तर बँकेचीही. परराज्याचा नंबर इथं 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मग इथलं पासिंग आणि महाराष्ट्राचा कर आला. तिकडच्या कराचा परतावा हातात पडेपर्यंत तुमचे पैसे अडकून राहतात. विमाही 14 दिवसांत नावावर करायला अर्ज करावा लागतो. हे सगळं धरूनही गाडी स्वस्त पडत असेल, तर तिकीट काढून जा आणि वर सांगितलेली टेपची आणि अर्ध्या तासाची परीक्षा स्वतः घ्या. व्हिडिओ कॉलवर शॉकअप तपासता येत नाही.