लिटर नको, वजन विचारा

फोर्कलिफ्टला बकेट घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला: किती लिटरची? दुसरा: काय किलोनं देणार? शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मेंटेनन्स बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या दोन प्रश्नांवर उरकलेली खरेदी निस्तरायचं काम शेवटी मेंटेनन्सच्याच गळ्यात पडतं, हे मी पुरेपूर पाहिलंय.

आमच्याकडे तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट होती. वाळू, कोक, स्लॅग, मशिनशॉपमधून येणारं बोरिंग म्हणजे बीडाचा चुरा असा सगळा सुटा माल घमेल्यांनी भरला जायचा. परचेसनं एका फॅब्रिकेटरकडून हजार लिटरची बकेट करून आणली. काट्यांवर चढणारी साधी जात: तळाला दोन चौकोनी खोबणी, त्यात काटे घालायचे, काट्यांच्या टाचेमागे पिन मारायची, दोरी ओढली की खटका सुटून बकेट पुढे कलंडणार. पिवळाधमक रंग, दिसायला देखणी. तिच्या पाठीवर फॅब्रिकेटरचा मोबाइल नंबर ठळक होता; तिचं स्वतःचं वजन मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पावसाळ्यात उघड्यावरची वाळू भिजली आणि पहिला झटका बसला. शिगोशीग भरलेली बकेट वर घेताना मागची चाकं हलकी झाली. फोर्कलिफ्टचं स्टेअरिंग मागच्या चाकांना असतं. ती जमिनीवरून सुटली की स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी ऐकत नाही. ड्रायव्हर मुरलेला होता. त्यानं झटका न देता मास्ट हळूहळू खाली घेतला, म्हणून निभावलं. दुसऱ्या वेळी मात्र सगळे हसले. बकेट ढिगात घुसवून गाडी मागे घेतली, तर बकेट ढिगातच रुतून राहिली आणि नुसते काटे बाहेर आले. मी जाऊन बघतो तर मूळ पिन केव्हाच हरवलेली, तिच्या जागी सेंटरिंगच्या सळईचा तुकडा खुपसलेला आणि तोही कापला गेलेला. हाच प्रकार ट्रॉलीवर मास्ट पुढे झुकवताना झाला असता, तर ट्रॉलीत फावडं घेऊन उभ्या असलेल्या पोरावर अख्खी बकेट आली असती.

आता हिशेब बघा. तीन टनी म्हणजे कसंही उचला, तीन टन उचलेल असं नाही. या वर्गाच्या मशिनची क्षमता काट्यांच्या उभ्या तोंडापासून ५०० मिलीमीटरवर मालाचा भारमध्य आहे असं धरून दिलेली असते. पुढचा अ‍ॅक्सल हा टेकू. तिथपासून काट्याच्या तोंडापर्यंत साधारण ४७५ मिलीमीटर धरा, म्हणजे टेकूपासून एकूण ९७५. बकेट चढवली की भारमध्य पुढे सरकतो. तो ८०० वर गेला तर टेकूपासूनचं अंतर १२७५ होतं. ३००० ला ९७५ नं गुणून १२७५ नं भागा. उरतात जेमतेम २३०० किलो. त्यातून बकेटचं स्वतःचं वजन, समजा ४५०, वजा करा. मालासाठी राहिले साडेअठराशे. कोरडी वाळू घनमीटरला सुमारे १६०० किलो भरते, म्हणजे काठोकाठ चालून जाईल. वर शीग आली किंवा वाळू भिजून चिंब झाली, की मामला हाताबाहेर. बीडाचं बोरिंग तर त्याहून जड. उलट त्याच बकेटीत कोक भरला तर पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे मशिनला कळणारसुद्धा नाही. साखर कारखान्यातल्या बगॅसला तर याहून मोठी बकेटही चालेल. सांगायचं म्हणजे, आधी माल ठरवा, मग लिटर.

हा कागदावरचा अंदाज झाला. मास्ट उंच असेल तर क्षमता आणखी घटते, त्यामुळे अखेरचा आकडा मशिनच्या कंपनीकडून लेखी घ्यायचा. अमेरिकेत ओशा या कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याचा नियमच आहे की क्षमतेवर परिणाम करणारी जोडणी उत्पादकाच्या लेखी संमतीशिवाय करायची नाही आणि क्षमतेची पाटीही बदलायची. आपल्याकडे डीलरला पत्र लिहायचं म्हटलं की ‘कशाला, चालतंय की’ असं उत्तर येतं. तरी पत्र लिहाच.

बकेटच्या जातीबद्दलही थोडं सांगतो. दोरीच्या बकेटीतला माल एकदम सुटतो आणि मशिनला हिसका बसतो. हायड्रॉलिक बकेट हळूहळू ओतता येते, पण त्यासाठी मशिनवर जादा व्हॉल्व्ह आणि मास्टवरून होज नेलेले लागतात. ते आहेत का, हे ऑर्डर देण्याआधी बघा. काटे काढून थेट कॅरेजवर बसणारी बकेट घेतली तर भारमध्य मशिनच्या जवळ राहतो. रोजच्या कामाला मी हीच घेईन. मात्र कॅरेजचं माप जुळायला हवं. आयएसओ २३२८ प्रमाणे अडीच टनापर्यंतच्या वर्ग दोनच्या कॅरेजची उंची ४०७ मिलीमीटर असते आणि त्यावरच्या वर्ग तीनची ५०८. ‘तीन टनीला बसणारी द्या’ एवढ्यावर ऑर्डर सोडू नका, टेप लावा.

अशा जोडण्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत अमेरिकेच्या पोर्टलंडची कॅस्केड १९४३ पासूनची, २०१३ पासून टोयोटा इंडस्ट्रीजकडे. जर्मनीतल्या आशाफेनबुर्गची काउप आणि इटलीची बोल्झोनी हीसुद्धा याच धंद्यातली मातब्बर नावं. त्यांचा माल महाग, पण बकेटीबरोबर वजन आणि भारमध्याचा कागद येतो. पैसे त्याचे असतात. आपल्याकडचे फॅब्रिकेटर वाईट असतात असं माझं मुळीच म्हणणं नाही. वेल्डिंगमध्ये आमच्या भागातली पोरं कुणाला हार जायची नाहीत. फक्त त्यांना ड्रॉइंग द्या आणि आकडे मागा. ओठाची पट्टी साध्या एमएसची नको. सिलिका वाळू ती बघता बघता खाते. हार्डॉक्ससारखी झीज सोसणारी प्लेट लो हायड्रोजन इलेक्ट्रोडनं वेल्ड करून घ्या. पिन साखळीनं बकेटलाच बांधलेली हवी. शिवाय बकेटपासून कॅरेजपर्यंत वेगळी सेफ्टी चेन असू द्या.

एवढं करूनही फोर्कलिफ्ट म्हणजे लोडर नव्हे. ढिगावर धाव घेऊन बकेट खुपसली की धक्का मास्टच्या बेअरिंगांना आणि टिल्ट सिलिंडरच्या पिनांना बसतो, आणि ते बिल बकेटीच्या खात्यावर कधीच दिसत नाही. सुटा माल हळू, सपाट जमिनीवरून घ्यायचा. दिवसभर ढीगच उपसायचा असेल तर बॉबकॅट भाड्यानं आणा. भरलेली बकेट जमिनीलगत ठेवूनच न्यायची. पुढचं दिसत नसेल तर रिव्हर्समध्ये जायचं, आणि उतारावर माल कायम चढाच्या बाजूला ठेवायचा. आणि पत्रा बदलायला किंवा ट्यूबलाइट लावायला कुणी बकेटीत माणूस चढवत असेल, तर सरळ चावी काढून खिशात टाका, मग समोर मॅनेजर का असेना.

पैशाचं शेवटी. ऑर्डरमध्येच लिहा की रिकाम्या बकेटचं वजन, घनफळ, भारमध्याचं अंतर आणि जास्तीत जास्त भार कोरलेली पाटी बकेटवर रिव्हेट झाल्यावरच शेवटचा हप्ता मिळेल. फॅब्रिकेटर कुरकुरतो, ‘आजवर कुणी मागितली नाही’ म्हणतो. हप्ता अडला की मुकाट्यानं बकेट वजनकाट्यावर नेतो.