औषधांची चाचणी आणि मोबाईलमधील रोजमेळ

धंद्यात जी नोंद हातोहात होत नाही, ती बहुधा चुकीची ठरते. त्यात लबाडी असतेच असे नाही, पण आठवण दगा देते. आमच्या दुकानात पूर्वी उधारीचा माल चिठ्ठीवर जाई आणि खतावणी आठवड्याच्या अखेरीस होई. एकदा एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नावावर दोनऐवजी तीन तागे चढले. त्या भल्या माणसाने पैसे मुकाट्याने भरले. पुढे तो तागा गोदामातच सापडला, तेव्हा आम्हाला मान खाली घालून त्याच्या घरी जावे लागले.

औषधांच्या चाचणीतही हीच चूक होते. तेथे मात्र तागा नव्हे, माणसाचा जीव पणाला लागलेला असतो.

कागदी डायरीचा अनुभव

नवे औषध बाजारात येण्याआधी ते माणसांवर तपासून पाहतात. औषध घेतल्यावर दुखणे किती कमी झाले, काय त्रास झाला, हे रुग्णाने रोज लिहायचे असते. अमेरिकेतील संशोधकांनी २००२ साली याचीच परीक्षा प्रसिद्ध केली. जुनाट दुखण्याच्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना कागदी डायरी दिली आणि निम्म्यांना खिशात मावणारे यंत्र. एकवीस दिवस, दिवसातून तीन वेळा नोंद करायची होती. कागदी डायरी कधी उघडली जाते हे टिपणारे साधन रुग्णांच्या नकळत तिच्यात बसवले होते. डायरी पाहता १०० पैकी ९० नोंदी वेळेवर होत्या. प्रत्यक्षात वेळेवर होत्या फक्त ११! बाकीच्या मागाहून, काही तर आधीच भरून ठेवलेल्या. यंत्रावर मात्र १०० पैकी ९४ नोंदी वेळेवर झाल्या, कारण यंत्र वेळ झाली की आठवण देते आणि मागची तारीख घालू देत नाही.

क्लाउड म्हणजे काय?

आज त्या यंत्राची जागा मोबाईलने घेतली आहे. मोबाईलमधील नोंद ‘क्लाउड’मध्ये जाते. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, इंटरनेटने जोडलेले मोठे संगणक. आपण जसे गोदाम भाड्याने घेतो, तशी त्यांवरील जागा भाड्याने मिळते. गावोगावच्या दवाखान्यांतील नोंदी एकाच वहीत जमतात आणि औषधाचा त्रास दिसला तर तो लवकर लक्षात येतो. अमेरिकेच्या १९९७ च्या नियमानुसार अशा वहीत खाडाखोड चालत नाही. दुरुस्ती करता येते, पण जुनी नोंद, दुरुस्ती करणारा आणि वेळ हे सारे कायम राहते.

एका मध्यवर्ती वहीचा लाभ २०२० च्या कोरोनात दिसला. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत सुमारे १७५ रुग्णालये इंटरनेटवरील छोट्या फॉर्मने जोडली गेली. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार, हे संगणक चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवी. मार्चमध्ये काम सुरू झाले आणि जूनमध्ये निकाल हाती आला. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र लाभ झाला नाही.

दुसरी बाजू

मोबाईल सर्वांकडे सारखा नसतो. अमेरिकेत ॲपलच्या घड्याळाने हृदयाचे ठोके तपासणाऱ्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांवर लोक सामील झाले. परंतु महागडा फोन आणि घड्याळ असलेलेच त्यात येऊ शकत होते आणि निम्म्याहून अधिक चाळिशीच्या आतले होते. ठोक्यांत गडबड असल्याची सूचना २,१६१ जणांना मिळाली. पुढील तपासणीची पट्टी वापरून परत पाठवणारे त्यांपैकी ४५० निघाले. मागावर बसणारा कारागीर अशा वहीत नसेल, तर औषध त्याला कसे लागू पडते हे कोण सांगणार?

आपण काय पाहावे?

आपल्या घरातील किंवा कारखान्यातील कोणाला चाचणीत येण्यास सांगितले, तर घाईने दस्तखत करू नये. भारतात १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदवहीत, म्हणजे ‘सीटीआरआय’मध्ये, नोंद सक्तीची आहे. ती इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. २०१९ च्या नियमांनुसार संमतीपूर्वी सारी माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. मोबाईलवर नोंद होणार असेल तर आणखी विचारावे, की ही माहिती कोठे राहणार आणि ती कोण पाहणार? आजाराची माहिती ही अमानत आहे. ती कोणाकडे सोपवतो, हे विचारण्यात संकोच नको.

आणि चाचणीत गेलोच, तर नोंद त्याच वेळी आणि खरी करावी. एका खोट्या आकड्याची किंमत पुढे दुसराच कोणी रुग्ण मोजतो. दुकानाच्या वहीलाही हाच नियम लावावा. आम्ही तो एका ताग्यापायी शिकलो.