आधी घरं मोजा

सामान्यज्ञानाचं शब्दकोडं घेऊन बसताना पेन बाजूला ठेवा. शिसपेन्सिल आणि खोडरबर घ्या. मग कोड्याखालची बारीक अक्षरातली सूचना वाचा. जोडाक्षराला एक घर की दोन, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक धरलाय की सोडलाय, हे बहुधा तिथंच सांगितलेलं असतं. काहीच लिहिलेलं नसेल तर जोडाक्षराला एकच घर धरा. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिलं कोडं दिलं, तेव्हा एका घरात एक रोमन अक्षर बसत होतं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांसकट अख्खं अक्षर एका घरात जातं. कोल्हार म्हणजे को-ल्हा-र, घरं तीन.

उत्तर सुचलं म्हणून लगेच लिहू नका, आधी बोटांवर मोजा. ‘चांदबिबीचा किल्ला असलेलं शहर’ असं विचारलं तर नाव कुणालाही येईल, पण कुठलं? २०२४ मध्ये ते बदललं. अहमदनगरला सात घरं लागतात, अहिल्यानगरला सहा. शेवटचं न-ग-र दोन्हीकडे तेच, त्यामुळे शेवटाकडून भरत आलात तर फसाल. धाराशिवचंही तसंच: जुन्या नावाला पाच घरं, नव्याला चार. कोडं कधी छापलंय हे त्यामुळे पाहावंच लागतं.

पहिल्या फेरीत आडवे-उभे सगळे प्रश्न वाचून काढा, पण भरा फक्त खात्रीचे. ‘भंडारदरा धरण कोणत्या नदीवर?’ प्रवरा. ‘ज्ञानेश्वरी कुठे सांगितली?’ नेवासे. इथं जरा थांबा, कारण बोलण्यात ते नेवासा होतं, आणि शेवटच्या घरातला काना की मात्रा हे उभा शब्दच ठरवतो. अशी शंकेची अक्षरं फिकट लिहावीत.

दुसऱ्या फेरीत खरी गंमत. आमचं कोल्हार बुद्रुक प्रवरेच्या एका काठाला, राहाता तालुक्यात; पूल ओलांडला की कोल्हार खुर्द, तालुका राहुरी. आता ‘प्रवरा’ आडवा भरलाय आणि त्याच्या ‘रा’पासून तीन घरांचा उभा शब्द निघतो, प्रश्न आहे ‘नगर-मनमाड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव’. राहाता की राहुरी? दोन्ही ‘रा’पासून, दोन्ही तीन घरांची, दोन्ही त्याच रस्त्यावर. अशा वेळी ‘रा’वर समाधान मानू नका, मधल्या किंवा खालच्या घरातून जाणारा आडवा शब्द आधी सोडवा. प्रश्नात कृषी विद्यापीठाचा उल्लेख असता तर मात्र राहुरी डोळे मिटून लिहा.

कवींच्या टोपणनावांत हाच घोळ जास्त होतो. पाच घरं, शेवटी ‘ग्र-ज’, की आपण कुसुमाग्रज लिहून मोकळे. पण गोविंदाग्रजही पाचच घरांचे. प्रश्नात गडकरी आहेत की शिरवाडकर, हे नीट वाचा. आणि नुसतं ‘कवीचं टोपणनाव’ एवढंच असेल तर पहिल्या किंवा तिसऱ्या घरातलं अक्षर मिळेपर्यंत हात आवरा. जलाशयांचंही असंच आहे: कोयनेचा शिवसागर, जायकवाडीचा नाथसागर, शेवटची तीन घरं सारखी.

चूक पकडायची एक युक्ती फार कमी लोक वापरतात. मराठी शब्द ‘ळ’ने सुरू होत नाही, ‘ण’नेही जवळजवळ नाहीच. समजा, ‘महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर’ म्हणून कळसूबाई आडवा भरला. त्यातल्या ‘ळ’च्या घरात उभ्या शब्दाचा आकडा दिसला, तर कुठंतरी चुकलंय: एकतर उत्तर, नाहीतर तुमचं रांगेतलं मोजणं. शेवटच्या ‘ई’खाली मात्र ईशान्य मजेत उतरते. मधलं ‘सू’ काही जण ऱ्हस्व लिहितात. उभा शब्द सुपारी निघाला तर रचणाऱ्याने ते चालवून घेतलंय असं समजा. गावांच्या नावातलं ‘पूर’ मात्र मराठीत दीर्घच: श्रीरामपूर, भगवतीपूर.

मधूनमधून समानार्थी शब्द येतात. सोनं दोन घरांत हेम, तीन घरांत कनक. एवढं पाठ असलं तरी पुष्कळ.

तरीही कोपरा अडला तर उठा, चहा घ्या, परत बसा. मगच जिल्ह्याचा नकाशा किंवा मराठी विश्वकोश उघडा. विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पहिल्याच मिनिटाला मोबाइल काढणाऱ्याने कोडं सोडवलं असं मी तरी म्हणणार नाही. बक्षिसाच्या कोड्यांचा नाद असेल तर एवढं ठाऊक असू द्या, की आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या बक्षीस-कोड्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९५७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की नशिबावर चालणारी बक्षीस-स्पर्धा हा जुगार. व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण त्याला मिळणार नाही. १९५५ च्या कायद्याने महिन्याच्या बक्षिसांवर एक हजार रुपयांची मर्यादा आधीच आली होती.

शेवटी प्रत्येक उभा-आडवा शब्द एकदा मोठ्याने वाचा, चुकलेली वेलांटी कानाला लगेच कळते. आणि उत्तरं बहुतेक पुढच्या अंकात येतात, तेव्हा तोवर ते पान रद्दीत जाऊ देऊ नका.