फडक्यानें जिंकलेली लढाई

पाणी फडक्यानें गाळून घेण्याची साधी सवय एखाद्या रोगास देशाबाहेर घालवूं शकेल काय? पुष्कळांस हें खरें वाटणार नाहीं. म्हणून नारूची हकीकत आम्ही येथें सांगत आहों.

नारू हा एक कृमि. त्याची अळी पाण्यांतील अगदीं बारीक किड्याच्या पोटांत असे. पायविहिरीचें वा तळ्याचें पाणी न गाळतां प्यालें कीं ती माणसाच्या शरीरांत जाई. सुमारें एक वर्षानें दोऱ्यासारखा बारीक, कधीं कधीं एक मीटरपर्यंत वाढलेला कृमि बहुधा पायाची कातडी फोडून बाहेर येई. आग शमावी म्हणून रोगी पाय पाण्यांत बुडवी, आणि त्याच पाण्यांत नव्या अळ्या सुटत. राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र इत्यादि राज्यांत कित्येक शेतकरी ह्या रोगानें अंथरुणास खिळून राहत.

ह्या रोगावर लस नव्हती व त्यास बरें करणारें औषधहि नव्हतें. १९८३-८४ च्या सुमारास देशव्यापी मोहीम सुरू झाली. पाणी दाट फडक्यानें गाळावें, दुखरा पाय पाण्यांत घालूं नये, पायविहिरीऐवजीं हातपंपाचें पाणी प्यावें, हेंच गांवोगांव शिकविण्यांत आलें. आपल्या देशांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं राजस्थानांत आढळला. २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र दिलें.

एका घरानें पाणी गाळलें, पण शेजाऱ्यानें विहिरींत पाय बुडविला, तर पाणी पुन्हां दूषित होणारच. म्हणून ही सवय साऱ्या गांवास लावावी लागली.

हात धुण्याचेंहि असेंच आहे. “जेवणापूर्वीं हात धुवावे” हें वाक्य मूल फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहितें, आणि मधल्या सुटींत धुळीच्या हातांनींच डबा उघडतें, असें आम्ही नेहमीं पाहतों. नियम पाठ होतो. सवय लावावी लागते. घरीं साबण उंच फळीवर असेल तर ती लागणार कशी?

यासाठीं मुलें व पालक यांचे एकत्र आरोग्यवर्ग शाळेंत वा चावडीवर भरवावेत. तेथें हा प्रयोग करावा. मुलांनीं हातांस थोडें तेल व बारीक माती चोळावी. निम्म्यांनीं नुसत्या पाण्यानें, व निम्म्यांनीं साबणानें निदान २० सेकंद हात धुवावे. मग पांढऱ्या फडक्यास पुसावे. कोणते हात स्वच्छ झाले, हें फडकेंच दाखवील.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, घरीं परतल्यावर साबणाची वडी मुलाच्या हातास लागेल अशा जागीं ठेवावी, आणि शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वीं आपणहि मुलाबरोबर हात धुवावे. मुलांनो, कोणी विसरल्यास त्यांस नम्रपणें आठवण देण्याचें काम तुमचें.