वऱ्हाडातील वादळी पाऊस व अतिवृष्टी : हवामानाच्या अंदाजाचा शेतीकामात उपयोग

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेती प्रामुख्याने पावसाच्या पाण्यावर अवलंबून आहे. पेरणीनंतर वेळेवर आलेला पाऊस कापूस, तूर व सोयाबीन या पिकांना जितका उपकारक, तितकाच काढणीच्या वेळचा वादळी पाऊस घातक ठरतो. वावरात काम चालू असता वीज पडून माणूस दगावला, तर ती हानी कशानेही भरून निघत नाही. यास्तव कोणत्या पावसाची सूचना किती आधी मिळू शकते व तीवर कोणते काम अवलंबून ठेवावे, हे शेतकऱ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

पावसाचे दोन प्रकार

पावसाळ्यातील अतिवृष्टीचा उगम बहुधा दूरवर असतो. बंगालच्या उपसागरात ओडिशाच्या किनाऱ्यालगत कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होते व छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकते. त्याच्या नैर्ऋत्य भागात पावसाचा जोर अधिक असतो. म्हणून मार्ग थोडा बदलला तरी भिजणारे जिल्हे बदलतात. तथापि अशा पावसाची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते.

वळवाच्या पावसाची गोष्ट निराळी आहे. उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. हवेत पुरेसे बाष्प असले व वरचे थर थंड असले, म्हणजे दुपारनंतर दहा किलोमीटरांहूनही उंच ढग बांधले जातात. त्यांतच गारा व विजा निर्माण होतात आणि थंड हवा वेगाने खाली येऊन वादळी वारा सुटतो. असा एखादा ढग काही किलोमीटरच पसरतो व बहुधा तासाभरात विरतो. म्हणून वादळास अनुकूल दिवस आधी सांगता येतो; परंतु गाव कोणते, हे दोन-तीन तास आधीच कळू शकते.

अंदाज कसा तयार होतो

नागपूर येथून सकाळी व सायंकाळी फुगा सोडून वरच्या थरांतील तापमान, आर्द्रता व वारा मोजतात. तेथील रडार ढगांतील पाऊस टिपते. नागपूरपासून सरळ रेषेत अमरावती सुमारे १४० व अकोला सुमारे २२० किलोमीटर दूर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारचा किरण अकोल्यावर पोहोचेपर्यंत बराच उंच गेलेला असतो व ढगाचा खालचा भाग त्याच्या दृष्टीतून सुटतो. ही उणीव उपग्रहाची चित्रे व वीज टिपणारी यंत्रे काही अंशी भरून काढतात.

शब्दांचा नेमका अर्थ

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर. आपले वावर कोरडे राहिले म्हणून अंदाज चुकला असे समजणे बरोबर नव्हे.

चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसास मुसळधार व त्यापुढे २०४.४ पर्यंत अति मुसळधार म्हणतात. ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे २ लाख ६३ हजार लिटर पाणी होय. पूर्णा खोऱ्यातील भारी काळ्या जमिनीत इतके पाणी लवकर मुरत नाही व पिकाची मुळे गुदमरतात.

कोणत्या सूचनेवर कोणते काम

१. पाच दिवसांचा कृषि सल्ला : अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठातून तो मंगळवारी व शुक्रवारी मिळतो. मुसळधार पावसाची सूचना असल्यास फवारणी व युरिया देणे पुढे ढकलावे, धुऱ्यालगतचे चर मोकळे करावेत. पक्व सोयाबीनची कापणी मळणीच्या सोयीइतकीच करावी.

२. त्याच दिवसाचा इशारा : सोयाबीनची गंजी उंच जागी रचून ताडपत्रीने झाकावी. वेचलेला कापूस घरात आणावा. बाजार समितीत माल उघड्यावर ठेवू नये.

३. ऐनवेळची सूचना : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या ‘दामिनी’ या भ्रमणध्वनीवरील सेवेतून विजेचा इशारा मिळतो. तो मिळताच गुरे घराकडे वळवावीत.

४. गडगडाट : वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांस तीनने भागल्यास अंतर किलोमीटरांत मिळते. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आल्यास काम तत्काळ थांबवून पक्क्या घरात जावे. झाड, तारेचे कुंपण व विहिरीवरील मोटर यांपासून दूर राहावे. आसरा नसल्यास पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वावरात परतू नये.

फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने विदर्भात गहू, हरभरा व संत्रा यांची मोठी हानी केली. उभे पीक गारपिटीपासून प्रत्येक वेळी वाचविता येत नाही. परंतु काढलेला माल व माणसे वाचविता येतात. निंदणीस आलेल्या बाया व गुराखी यांच्यापर्यंत सूचना पोहोचतेच असे नाही. ती त्यांना सांगण्याची व वेळीच काम थांबविण्याची जबाबदारी वावराच्या मालकाने स्वतःकडे घ्यावी, हे सर्वांत महत्त्वाचे होय.