हसू मागू नका, येऊ द्या

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोरन्हाण असतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं बाळ आणि भोवती दहा-बारा मोबाईल. मग सुरू होतं, "हस ना सोन्या! इकडे बघ! अगं तिकडे नाही, इकडे! हसला नाहीस तर बुवा येईल हं!" बाळ भोकाड पसरतं आणि आईला वाटतं, आपलंच मूल रडकं.

मूल रडकं नसतं. त्याला एकाच वेळी दहा जणी हुकूम सोडत असतात, म्हणून ते घाबरतं. या वेळच्या पाठात आपण एवढंच शिकणार आहोत, की कुटुंबाचा फोटो काढताना मुलाचं खरं हसू कसं टिपायचं. आपल्या काही गटांतल्या तरुण सुना आता बारसं, बोरन्हाण, वाढदिवसाच्या फोटोंची कामंही घेतात. त्यांना तर हे यायलाच हवं.

खरं हसू कुठे दिसतं?

फ्रान्समधल्या ड्युशेन नावाच्या डॉक्टरांनी 1862 साली चेहऱ्याच्या स्नायूंवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की ओठ आपण ठरवून ताणू शकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू मनातून आनंद झाला की हलतो. म्हणून "हस" म्हटल्यावर मूल दात दाखवतं, पण डोळे तसेच राहतात. खरं हसताना गाल वर चढतात, डोळे बारीक होतात. घरातले जुने फोटो काढून बघा, फरक लगेच कळेल.

म्हणजे काय, तर हसू मागून मिळत नाही. मूल मोकळं झालं, रमलं, की ते आपोआप येतं. आपण तयारीत राहायचं.

फोटोआधीची तयारी

1. झोप झालेली आणि पोट भरलेलं असू द्या. भुकेलं, पेंगुळलेलं मूल कुणालाच हसवता येत नाही.

2. हलव्याचे दागिने टोचतात. ते अगदी शेवटी घाला आणि मूल वैतागलं की लगेच काढा.

3. सकाळचं किंवा संध्याकाळचं कोवळं ऊन चांगलं. दुपारी काढायचाच असेल तर ओसरीवर किंवा झाडाच्या सावलीत बसा. डोळ्यांवर ऊन आलं की मूल कपाळाला आठ्या घालणारच.

4. मोबाईलची काच स्वच्छ मऊ कापडाने पुसा. पिठाचा, तेलाचा हात लागून ती धुरकट झालेली असते.

5. उभं राहून वरून फोटो काढू नका. खाली बसा, मोबाईल मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. स्क्रीनवर मुलाच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं की चेहरा स्पष्ट येतो. काळ्या कपड्यांच्या वेळी हे आठवणीने करा.

वय बघून खेळ

बाळ साधारण दीड-दोन महिन्यांचं झालं की माणसाचा चेहरा बघून हसायला लागतं. त्याला आईचा चेहरा आणि आवाज पुरतो. सात-आठ महिन्यांच्या सुमारास बरीच बाळं अनोळखी माणसाला बुजतात. अशा वेळी फोटो काढणाऱ्या ताईने लगेच जवळ जाऊ नये. आईने पदराआड तोंड लपवून "कुऽऽक" करावं आणि तेव्हाच फोटो घ्यावा.

दोन ते पाच वर्षांच्या मुलांना मोठ्यांची चूक काढायला फार आवडतं. शेळीकडे बोट दाखवून विचारा, "ही तुमची म्हैस का रे?" आजोबांची टोपी आजीच्या डोक्यावर ठेवा. मूल खिदळत तुम्हाला दुरुस्त करेल. बोरन्हाणात तर पाटावरचा फोटो राहू द्या बाजूला. डोक्यावरून बोरं, चुरमुरे पडतात आणि सगळी पोरं वेचायला झेपावतात, तो क्षण धरा. मोबाईलमध्ये एकापाठोपाठ फोटो काढायची सोय असेल तर ती इथे वापरा. वीसातला एक तरी छान निघतो.

सहा-सात वर्षांच्या मुलांचे पुढचे दात पडलेले असतात. कुणीतरी "बोळकं" म्हणून चिडवलेलं असतं, म्हणून ती ओठ मिटून बसतात. त्यांना आधी मोबाईल हातात द्या आणि "आमचा फोटो तू काढ" म्हणा. मग त्यांची पाळी आली की ती खुशीत येतात.

त्याहून मोठ्या मुलांना "हस" म्हणूच नका. खेळाबद्दल, मित्रांबद्दल गप्पा मारा. बोलता बोलता हसतील तेव्हा फोटो घ्या.

सगळे एकत्र बसलात की

इथे एक नियम कायम लक्षात ठेवा. मुलाला हसवायचं काम एकाच माणसाचं, आणि त्याने मोबाईलच्या अगदी मागे उभं राहायचं. बाजूला उभं राहून टाळ्या वाजवल्या की मूल तिकडेच बघतं. बाकी मोठ्यांनी मोबाईलकडे बघत राहायचं. नाहीतर मूल हसतं त्याच वेळी बाबा त्याला दटावत असतात आणि काका त्याची मान वळवत असतात. मोठी माणसं आधी बसवून घ्या, मुलाला शेवटी आणा. चार-पाच मिनिटांत जमलं नाही तर थांबा. मूल खेळून आलं की पुन्हा बघू.

आणि हो, फोटो काढणारी आई स्वतःच फोटोत नसते. थोडा वेळ मोबाईल दुसऱ्या कुणाकडे द्या आणि लेकराजवळ जाऊन बसा. मोठं झाल्यावर ते त्या फोटोत तुम्हालाही शोधणार आहे.

मुलींबद्दल थोडं

गृहभेटीत फोटोचे अल्बम बघते तेव्हा जाणवतं, की मुलगा खळखळून हसलेला असतो आणि शेजारची बहीण ओठ मिटून, हात मांडीवर ठेवून बसलेली. "नीट बस, दात काढू नकोस" हे तिने ऐकलेलं असतं. पोरीचं हसू आवरण्याची सवय फोटोपुरती राहत नाही. पुढे ती शाळेत हात वर करताना बिचकते, बैठकीत बोलताना पदर तोंडाशी नेते. म्हणून फोटोच्या वेळी तिला मुद्दाम मोकळं सोडा. दात दिसू द्या.

फोटो कुणाचा?

मूल "नको" म्हणत असेल तर थांबा. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो स्टेटसला ठेवण्याआधी त्याच्या आईला विचारा. अंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो कुठेच पाठवू नका. फोटोचं काम घेणाऱ्या ताईंनी फोटो फक्त त्या घरालाच द्यायचे. लोकांचा विश्वास बसला तरच पुढचं काम मिळेल.

गटात करायचा सराव

पुढच्या बैठकीत दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीने दुसरीला "हस" म्हणून एक फोटो काढायचा. मग तिच्या माहेरची एखादी गंमत विचारायची आणि ती सांगत असताना दुसरा काढायचा. दोन्ही फोटो सगळ्याजणींना दाखवा आणि फक्त डोळे बघा. मग हेच घरी मुलांबरोबर करा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक