एक संगणक, चौघांचं लॉगिन

शेगावात इंजिनिअरिंगला आलेली चार पोरं, भाड्याची एक खोली आणि उबुंटू टाकलेला एकच संगणक. जमतं की! प्रत्येकाला आपलं लॉगिन आणि आपली टर्मिनल लाइन देऊ, कोपऱ्यात पडलेला जुना लॅपटॉपही कामाला लावू. कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. की-बोर्डवर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागेल तिथे सांगेन.

१. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा. टर्मिनलची खिडकी उघडेल. ती शेवटच्या पायरीपर्यंत बंद करू नका. मध्येच काही बिघडलं तर दुरुस्तीला इथेच यायचंय.

२. ‘सुडो ॲडयूजर अमोल’ लिहून एंटर मारा. अमोलच्या जागी तुमच्या मित्राचं नाव, पण देवनागरीत नको आणि मोठ्या अक्षरांतही नको.

३. पासवर्ड द्या: आधी तुमचा, मग अमोलचा दोनदा. टाइप करताना अक्षरं उमटत नाहीत. की-बोर्ड ठीक आहे, टाइप करत राहा.

४. खोली नंबर, फोन वगैरे विचारेल तिथे नुसतं एंटर, शेवटी वाय.

५. हेच बाकीच्यांसाठी करा. चौघांत एक लॉगिन ठेवलंत, तर कोणाचं प्रोजेक्ट कोणी उडवलं हे कधीच कळणार नाही.

६. ‘सुडो सीपी /इटीसी/इश्यू /इटीसी/इश्यू.जुनी’ ही कमांड द्या. मूळ फाइलची प्रत तयार झाली. कंटाळा करून ही पायरी गाळू नका.

७. ‘सुडो नॅनो /इटीसी/इश्यू’ लिहा. लॉगिन विचारण्याआधी पडद्यावर जे दिसतं, ते याच फाइलमधून येतं.

८. आहे त्या ओळीच्या वर तुमचं स्वागत लिहा. शेगावात पहिल्यांदा ‘जय गजानन’च सुचणार. खुशाल लिहा, मात्र इंग्रजी अक्षरांत! काळ्या पडद्याच्या टर्मिनलला देवनागरी झेपत नाही, अक्षरांच्या जागी चौकोन नाहीतर भलतीच चिन्हं येतात. खालच्या ओळीत उलटी तिरकी रेघ आणि एन, पुन्हा तीच रेघ आणि एल अशा दोन जोड्या दिसतील. पहिलीच्या जागी संगणकाचं नाव येतं, दुसरीच्या जागी लाइनचं. त्यांना हात लावू नका.

९. कंट्रोल-ओ दाबून एंटर मारा. जतन झालं. याआधी लाइट गेली तर आठवी पायरी पुन्हा.

१०. कंट्रोल-एक्सने बाहेर या.

११. कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबा. लॅपटॉप असेल तर जोडीला एफएनही लागू शकतं. काळ्या पडद्यावर तुमचं स्वागत आणि खाली ‘लॉगिन’ दिसेल. जुनाच मजकूर दिसला तर एकदा लॉगिन करून बाहेर पडा, नवा येईल. एफ३ ते एफ६ अशा चार लाइन आहेत, म्हणजे माणशी एक. पडदा एकच असल्यामुळे एका वेळी एकच जण बसेल, पण बाकीच्यांचं काम मागे चालू राहतं.

१२. अमोलच्या नावाने लॉगिन करा. नाव दिल्यावर पासवर्ड मिनिटभरात द्या, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

१३. ‘टीटीवाय’ लिहा. शेवटी ३ आला की लाइन बरोबर.

१४. ‘एक्झिट’ लिहून बाहेर पडा.

१५. कंट्रोल, ऑल्ट, एफ२ दाबून मूळ पडद्यावर परता. नाहीच आला तर एफ१.

१६. ‘सुडो नॅनो /इटीसी/प्रोफाइल.डी/वेळ.एसएच’ ही नवी फाइल उघडा.

१७. तिच्यात मोठ्या अक्षरांत टीएमआउट, बरोबरचं चिन्ह आणि ३०० लिहून जतन करा. मध्ये जागा सोडलीत की बसलं! आता काळ्या पडद्यावर कोणी पाच मिनिटं काही केलं नाही, तर लॉगिन आपोआप बंद होईल. मात्र नॅनो उघडा टाकून चहाला गेलेल्याला हा नियम पकडत नाही.

१८. आता जुना लॅपटॉप. संगणकामागच्या नऊ पिनांच्या पोर्टला नल मोडेम केबल लावा. दुसरं टोक यूएसबी कन्व्हर्टरमधून लॅपटॉपला. साधी सरळ केबल चालत नाही, दुकानात नाव घेऊनच मागा.

१९. ‘सुडो सिस्टिमसीटीएल इनेबल --नाऊ सीरियल-गेटी@टीटीवायएस०.सर्व्हिस’ लिहा. यातला शून्याआधीचा एस मोठा.

२०. लॅपटॉपवर पुटी उघडून सीरियल निवडा, कॉम पोर्टचा नंबर टाका आणि वेग ११५२०० ठेवा.

२१. ओपन करून एंटर मारा. अगम्य चिन्हं आली तर वेग ९६०० करून बघा.

२२. लॅपटॉपवरून लॉगिन करा.

२३. पहिल्या खिडकीत ‘हू’ लिहा. कोण कोणत्या लाइनवर आहे त्याची यादी येईल. लॅपटॉपवाल्याचं नाव टीटीवायएस० समोर दिसलं की खिडकी बंद करायला हरकत नाही. आणि हो, उठताना ‘एक्झिट’ लिहायचं हे चौघांनाही आजच सांगून ठेवा.